उठल्या उठल्या सांगा

नमस्कार मंडळी.

आज मला तुम्हाला एकच आग्रह करायचा आहे. घरात कुणाला विचित्र स्वप्न पडलं, तर ते उठल्या उठल्या सांगायला लावा, आणि मराठीत सांगायला लावा. ‘चहा होऊ दे, मग ऐकते’ म्हणालात की गेलंच ते.

ते जातं, याला कारण आहे. झोपेत मधूनमधून बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, हे शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्नच सांगतो. ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. पण तेव्हा मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन हे रसायन अगदी उतरलेलं असतं, त्यामुळे आठवण पक्की होत नसावी, असं मानतात.

माझं एक स्वप्न मात्र टिकलं, कारण मी हसतच जागी झाले आणि लगेच ह्यांना सांगितलं. इथे मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवर ट्रामच्या रुळांवरून लाल एसटी आली. मी चढले, खिडकीजवळ बसले. फ्लिंडर्स स्ट्रीटला एक म्हैस चढली. काळीभोर, शिंगांना गुलाबी रिबीन. माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “ताई, उठा. मी खिडकीतून रुमाल टाकला होता.” बघते तर खरंच, माझ्याखाली घडी घातलेला रुमाल! कंडक्टर आला. त्याने रुमाल नाकाला लावला, “पेंडीचा वास आहे, जागा ह्यांची,” असा निकाल दिला आणि डबल बेल मारली. पुढचा थांबा वडखळ! या सगळ्यात मला काळजी एकच, की सुट्टे नाहीत. म्हैस बोलते याचं काहीच वाटलं नाही. तर्क तपासणारा कपाळामागचा मेंदूचा भाग त्या वेळी मंदावलेला असतो, तो असा.

न्याहारीला मुलीने विचारलं, “आई, रुमाल का टाकतात?” मग पेणचा स्टँड, मे महिन्यातली गर्दी, खिडकीतून आधी आत जाणाऱ्या पिशव्या आणि मागून जाणारी पोरं, सगळं निघालं. एरवी बसून सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

तुकोबांनी गुरूपदेशाचं स्वप्न अभंगात सांगितलंय. बाबाजींनी मस्तकावर हात ठेवला, रामकृष्णहरी हा मंत्र दिला, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आणि त्यातच हेही, की गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. एवढ्या मोठ्या प्रसंगातलं ते तूप त्यांनी गाळलं नाही. मला हे फार प्रिय आहे. स्वप्न सांगावं तर असं, पडलं तसं. अर्थ लावायला दिवस पडलाय.

हिवाळ्यात मेलबर्नला सकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे अडीच. आजी-आजोबा झोपलेले असतात. मुलांचं स्वप्न त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, उठल्यावर ऐकतील. आणि समितीला विनंती, पुढच्या बैठकीत मुलांच्या स्वप्नांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवावीत. नावं मी लिहून घेते.