चूक पोटात घालणारी रॅकेट

श्रोतेहो, नमस्कार.

गेली पंचेचाळीस वर्षे मी पुण्यात टेनिस खेळत आले आहे. खेळ चांगला येतो, पण पूर्वीइतक्या वेळेवर चेंडूपाशी पोहोचता येत नाही, अशा माझ्यासारख्या खेळाडूंच्या रॅकेटविषयी आज मला बोलायचे आहे. नव्याने खेळू लागलेल्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्याचा फोरहँड तीस-चाळीस वर्षे घोटलेला आहे, चेंडू कुठे टाकायचा हे ज्याला पक्के कळते, आणि तरीही ज्याचे फटके अलीकडे चौकटीला लागू लागले आहेत, त्याने काय करावे हे सहसा कोणी नीट सांगत नाही. ‘हलकी घ्या, मोठी घ्या’ एवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि त्याच्या चुकीच्या अर्ध्या भागाची किंमत माझ्या कोपराने मोजलेली आहे.

माझा खेळ बदलतो आहे हे मला पहिल्यांदा दिसले ते गटिंग करून घेताना, म्हणजे रॅकेटला नव्या तारा बसवून घेताना. पाच-सहा वर्षांपूर्वी, पावसाळा संपून लाल मातीची कोर्टे पुन्हा सुरू झाली त्या आठवड्यात, मी रॅकेट आमच्या क्लबच्या मार्करकडे, म्हणजे सभासदांबरोबर खेळणाऱ्या आणि रॅकेटींची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, दिली. जुन्या तारा कापण्याआधी त्याने मला हाक मारली, “ताई, हे बघा.” उभ्या तारा आडव्या तारांवर घासून त्यांना बारीक खाचा पडतात, आणि चेंडू जिथे वारंवार लागतो तिथे त्या सर्वांत खोल असतात. पूर्वी माझ्या खाचा मधोमध, तळहाताएवढ्या वर्तुळात असत. या वेळी ते वर्तुळ राहिलेच नव्हते. खाचा रॅकेटच्या टोकाकडे आणि एका कडेकडे पसरत गेल्या होत्या, आणि टोकाच्या पट्टीवर तीन-चार ताजे ओरखडे होते. पंधरा वर्षे माझ्या रॅकेटला गटिंग करणारा तो माणूस म्हणाला, “हात तोच आहे, पाय उशिरा येताहेत.”

इतके नेमके निदान मला कोणा प्रशिक्षकानेही केले नव्हते. वयाबरोबर आपला फटका बिघडतो असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा फटका तसाच असतो, आणि आपण अर्धे पाऊल उशिरा पोहोचल्यामुळे चेंडू शरीरापासून दूर किंवा थोडा खाली उतरलेला मिळतो. मग तो तारांच्या मध्याऐवजी टोकाला किंवा कडेला लागतो. टेनिसच्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते आणि तो तारांवर जेमतेम चार-पाच सहस्रांश सेकंद टेकतो. तेवढ्या वेळात, चेंडू मधल्या रेषेपासून बाजूला लागला तर रॅकेट दांड्याभोवती फिरते, तारांचे तोंड वर किंवा खाली वळते, आणि मनात आखलेल्या रेषेवर जाणारा फटका जाळीत किंवा बेसलाइनच्या बाहेर जातो. हे फिरणे जी रॅकेट कमी होऊ देते, ती आपली चूक पोटात घालते. मी आज ‘चूक पोटात घालणारी’ हे शब्द वापरेन ते नेमक्या याच अर्थाने.

ज्या माणसाने हा प्रश्न मुळातून सोडवला तो स्वतः टेनिसमध्ये कच्चा होता. हॉवर्ड हेड हा अमेरिकन अभियंता. धातूच्या स्की बनवण्याचा व्यवसाय यशस्वी केल्यावर तो टेनिस शिकू लागला, आणि प्रत्येक चुकलेल्या फटक्याला आपल्या हातात रॅकेट फिरते आहे हे त्याच्या ध्यानात आले. डोंबाऱ्याची मुलगी दोरीवरून चालताना हातात लांब आडवी काठी धरते, कारण वजन मधल्या रेषेपासून जितके दूर, तितके ते फिरायला जड जाते. आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर विरोध चौपट होतो. हेडने हेच तत्त्व रॅकेटला लावले आणि १९७६ साली प्रिन्स क्लासिक ही ११० चौरस इंचांची, म्हणजे तारांच्या भागाचे, डोक्याचे, तेवढे क्षेत्रफळ असलेली रॅकेट बाजारात आणली. त्या काळी आम्ही ज्या लाकडी रॅकेटी वापरत होतो, रात्री प्रेसमध्ये स्क्रूने आवळून ठेवाव्या लागणाऱ्या, त्यांचे क्षेत्रफळ ६५ ते ७० चौरस इंच असे. नवी रॅकेट पाहून लोक हसले. पण १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली.

या तत्त्वात एक गोष्ट दडलेली आहे, आणि दुकानात ती बहुधा सांगितली जात नाही. रॅकेट फिरू नये यासाठी रुंदी हवी, तसे त्या रुंदीवर वजनही हवे. डोंबाऱ्याच्या मुलीच्या हातात काठीऐवजी तेवढाच लांब बोरू दिला तर तिचा तोल सांभाळला जाणार नाही. रॅकेटचे डोके वाढवून तिचे वजन बेसुमार कमी केले, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

मी नेमके तेच विकत घेतले. खाचांचे ते दृश्य पाहून घाबरून मी एका दुकानातून ११० चौरस इंचांची, २५५ ग्रॅमची, जाड आणि कडक चौकटीची, डोक्याकडे वजन झुकलेली रॅकेट आणली. पहिला पंधरवडा आनंदात गेला, कारण चेंडू मनगटाच्या झटक्यानेही खोलवर जात होता. मग अडचणी दिसू लागल्या. माझा हात पूर्ण फिरला की चेंडू बाहेर जाई, म्हणून मी फटका आखडता घेऊ लागले, आणि आयुष्यभर कमावलेली लय गेली. समोरून जोराचा चेंडू आला की ती हलकी रॅकेट हातात मागे ढकलली जाई, म्हणून मी मूठ आवळून धरू लागले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गॅसवरून चहाचे पातेले उचलताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की पातेले तसेच खाली ठेवावे लागले. टेनिस एल्बो. चार महिने मी कोर्टाबाहेर बसले होते.

शिकाऊ खेळाडूचा हात आखूड फिरतो. चेंडू पलीकडे जावा म्हणून त्याला रॅकेटकडून उसना जोर लागतो, आणि अशा हलक्या, मोठ्या डोक्याच्या रॅकेटी त्याच्यासाठीच केलेल्या असतात. अनुभवी खेळाडूचा हात पूर्ण फिरतो, जोर त्याच्यापाशी असतो. त्याला हवा असतो स्थिरपणा. आलेल्या चेंडूचा धक्का घेणारे वजन रॅकेटमध्ये नसेल, तर तो धक्का हाताने घ्यावा लागतो. आणि साठीच्या पुढच्या स्नायूबंधांची सहनशक्ती पंचविशीतली नसते.

याच बाबतीत रॉजर फेडररचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तो वर्षानुवर्षे ९० चौरस इंचांच्या रॅकेटने खेळला. २०१३ साली विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत हरल्यावर त्याने हँबुर्ग आणि ग्श्टाड येथे मोठ्या डोक्याची रॅकेट वापरून पाहिली, ती जमेना म्हणून पुन्हा जुन्या रॅकेटकडे वळला, आणि २०१४ च्या सुरुवातीला मात्र त्याने बदल कायमचा केला. पुढे ९७ चौरस इंचांची म्हणून विकली गेलेली ती रॅकेट तारांशिवायही सुमारे ३४० ग्रॅमची होती. म्हणजे डोके सात चौरस इंचांनी वाढले, पण वजन त्याने सोडले नाही. २०१७ मध्ये ३५व्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकली. एवढी जड रॅकेट आपण कोणी घेऊ नये, हे उघड आहे. पण ज्याचा हात जगात सर्वांत अचूक मानला गेला, त्याने कडेला लागणाऱ्या चेंडूंसाठी जागा वाढवून घेतली आणि पहिला प्रयत्न फसल्यावरही ती कल्पना सोडून दिली नाही, हे मला मोलाचे वाटते. आपल्याकडे मात्र लहान डोक्याची रॅकेट हा मानाचा विषय होऊन बसतो. माझ्या ओळखीतले दोन उत्तम खेळाडू केवळ या मानापायी दर रविवारी वैतागून घरी जातात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

तर मग घ्यावे काय? ९० किंवा ९५ चौरस इंचांवरून येणाऱ्याने माझ्या मते ९८ ते १०० च्या घरात थांबावे. फार तर दुहेरीच खेळणाऱ्याने १०२ ते १०५ पर्यंत जावे. वजन एकदम साठ-सत्तर ग्रॅमनी न उतरवता दहा-वीस ग्रॅमनी उतरवावे. बहुतेकांना तारांशिवाय २९० ते ३०५ ग्रॅम पेलवते. चौकटीवर छापलेला आकडा सहसा तारांशिवायचा असतो. तारांचे पंधरा-सोळा आणि मुठीवर गुंडाळायच्या ओव्हरग्रिपचे पाच-सहा ग्रॅम त्यात धरावेत. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींतही काही ग्रॅमचा फरक असतो, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे उपयोगी पडतो. वजन दांड्याकडे झुकलेले असावे. घरी पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलून पाहा. नेहमीच्या रॅकेटची लांबी २७ इंच, म्हणजे ६८.६ सेंटिमीटर असते, तेव्हा मध्य ३४.३ वर येतो. तोल दांड्याच्या टोकापासून ३२ ते ३२.५ सेंटिमीटरच्या आसपास आला, तर रॅकेट वजनदार असूनही व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारताना, चटकन उचलली जाते. चौकटीच्या कडकपणाचा अंक पाहायला मिळाला तर तो ६५ च्या खाली असलेला बरा.

आवडती रॅकेट सोडवतच नसेल तर शिशाची चिकटपट्टी हा स्वस्त उपाय आहे. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी, दोन्ही कडांना दोन-दोन ग्रॅम लावल्यास रॅकेटचा फिरण्याला होणारा विरोध माझ्या हिशेबाने चार-पाच टक्क्यांनी वाढतो. व्हॉलीला तो फरक हाताला लगेच कळतो.

आता तारांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण चौकटीवर वीस हजार रुपये घालणारी माणसे तारांवर विचार घालत नाहीत. पॉलिएस्टरची तार कडक असते. ती जोरात हात फिरवून वारंवार तारा तोडणाऱ्या तरुणांसाठी ठीक आहे. तिचा ताण काही तासांच्या खेळातच उतरतो, जीव जातो, पण ती तुटत नाही. आपण साठीतले खेळाडू ‘अजून तुटली कुठे आहे’ म्हणून तीच मेलेली तार आठ-आठ महिने वापरतो आणि कोपराला दोष देतो. बारीक नायलॉन तंतू पिळून केलेली मल्टिफिलामेंट तार घ्या. खरी गट, जिच्यावरून आपला ‘गटिंग’ हा शब्द आला, ती हाताला सर्वांत मऊ लागते. पण ती गायीच्या आतड्यापासून होते, महाग असते, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत लवकर खराब होते, हे तिन्ही विचारात घेऊन ज्याने त्याने ठरवावे. ताण मी ५८ पाउंडांवरून ५२ वर आणला, तोही दर गटिंगला दोन-दोन पाउंडांनी. मोठ्या डोक्यात तारा लांब असल्याने त्या मुळातच जास्त दबतात. त्यामुळे डोके वाढवून ताणही एका झटक्यात उतरवला तर चेंडू कुठे जातो याचा अंदाज राहत नाही. गटिंग केलेली रॅकेट उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

रॅकेटची मूठ फार बारीक घेऊ नये. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसावी, एवढी जाडी पुरेशी.

रॅकेट पाहायला जाताना मात्र एक चूक सगळेच करतात. ताज्या दमाने, समोरून हळू येणाऱ्या चेंडूंवर फोरहँड मारून पाहतात, आणि अशा वेळी कोणतीही रॅकेट चांगलीच वाटते. दुकानातून डेमो, म्हणजे वापरून पाहायची रॅकेट, मिळत असेल तर ती, नाही तर क्लबातल्या मित्राची रॅकेट दुसऱ्या सेटनंतर, पाय थकल्यावर मागून घ्या. जोरकस सर्व्ह करणाऱ्यासमोर रिटर्नला उभे राहा, नेटवर जाऊन अंगावर येणाऱ्या व्हॉली घ्या, आणि उशीर झालेल्या चेंडूंचे काय होते तेवढेच मोजा. त्यातले निम्मे जरी कोर्टात पडले, तरी ती रॅकेट विचार करण्याजोगी आहे. त्या रॅकेटला कोणती तार आहे आणि ती किती जुनी आहे, हेही विचारायला विसरू नका.

एकदा ठरले की जुनी रॅकेट सहा आठवडे तरी घरी ठेवा. ती पिशवीत असली की दोन चेंडू बाहेर जाताच हात तिच्याकडे जातो, आणि मग दोन्हींची सवय बिघडते. पहिले काही दिवस फटके फूटभर लांब पडतील. हात आखडू नका. चेंडूला थोडा जास्त टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, द्या.

मी आता १०० चौरस इंचांची, गटिंगसह ३१२ ग्रॅम भरणारी, लवचीक चौकटीची रॅकेट वापरते. गेल्या महिन्यात ती गटिंगला दिली, तेव्हा आमच्या मार्करने जुन्या तारा कापण्याआधी मला पुन्हा बोलावले. खाचा पूर्वीइतक्याच पसरलेल्या होत्या, टोकाकडे आणि त्याच कडेकडे. टोकाच्या पट्टीवरून त्याने अंगठा फिरवून पाहिला. तिथे एकही ओरखडा नव्हता.