बाकडं आणि वही

(माहितीपट. रात्र. देवळासमोरचा मांडव. रिकामं लाकडी बाकडं.)

हे बाकडं नीट पाहून ठेवा. थोड्या वेळाने हे इंद्राचं सिंहासन होईल. नंतर डोंगर होईल, आणि पहाटेकडे एखाद्या राणीचा महाल. दिवाळी सरली की तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटकं करणारी मंडळं गावोगाव फिरू लागतात. एक पडदा, एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज.

संहिता नाही. कधीच नव्हती. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय करणार हे तोंड रंगवायला बसता बसता ठरतं. पुढचं सगळं तोंडावर.

(दिवस. शाळेचा वर्ग. वह्या.)

त्याच गावची ही माध्यमिक शाळा. इथे मात्र संहिता लिहायची आहे. जिल्ह्यातल्या शाळांसाठी एकांकिका लेखनाची आणि सादरीकरणाची स्पर्धा आहे. आठवी ते दहावी, अर्ध्या तासात संपणारी एकांकिका, आणि लेखन विद्यार्थ्याचंच हवं. शेवटची अट वाचून वर्गात शांतता पसरली. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला नाटक म्हणजे सरांनी लिहायचं, मुलांनी पाठ करायचं आणि आईबापांनी मोबाइलवर शूट करायचं. बालनाट्याच्या स्पर्धेतसुद्धा ‘लेखक’ या शब्दापुढे बहुतेक मोठ्या माणसाचंच नाव असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला काय बोलायचंय, हे चाळिशीतला माणूस ठरवतो.

पहिल्या आठवड्यातल्या या वह्या. निम्म्याहून जास्त नाटकांच्या शेवटी कोणीतरी झाड लावतं. दोन नाटकांत झाडच बोलतं. मुलांचा दोष नाही. नाटक म्हणजे संदेश, हे आपणच त्यांना शिकवलंय.

(फळा. बाई लिहीत आहेत : नाट्यछटा.)

मग बाईंनी दिवाकर काढले. दिवाकर म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे. पुण्यातले शाळामास्तर. रॉबर्ट ब्राउनिंगच्या कविता वाचून त्यांना एक घाट सुचला आणि १९११ पासून त्यांनी मराठीत नाट्यछटा लिहिल्या. ५१ नाट्यछटा त्यांच्या नावावर आहेत. बोलणारं माणूस एकच. समोर कोण आहे, तो काय म्हणाला, कधी उठून गेला, हे सगळं त्या एकाच्याच बोलण्यातून कळायचं. बहुतेक नाट्यछटा पानभराच्या, पण त्या पानात घर भरलेलं असतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, म्हणजे एसटीत बाजूचा माणूस फोनवर बोलत असतो, तसं?”

तसंच. त्या दिवशीचा गृहपाठ ठरला : घरातल्या कोणाचंही फोनवरचं बोलणं ऐका. पलीकडचं ऐकू येणार नाही. येईल तेवढंच लिहा.

(वहीचं पान, जवळून.)

हे नववीतल्या एका मुलीचं पान. आजी मुंबईच्या मुलाशी बोलतेय. गणपती तोंडावर आलेत. रेल्वेचं आरक्षण काही मिनिटांत संपलं, मुलगा येणार नाही. पण ‘येणार नाही’ हे शब्द पानावर कुठेच नाहीत. आजी विचारते, पोरांच्या परीक्षा कधी, तिकडे पाऊस आहे का. मग जरा थांबते. मग म्हणते, माटोळीला या खेपेला कवंडळं कोण आणणार (गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला ही रानफळं टांगतात). या वाक्याआधी तीन ओळी खोडल्यात. पहिल्या ओळीत आजी रडत होती, दुसऱ्या ओळीत रागावली होती, तिसरी आता वाचता येत नाही. पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर वळ उठलेत.

आणि हे लाल पेन. मुलीने लिहिलं होतं, “माझो चष्मो खंय ठेवलंस गो?” वर दुरुस्ती आहे : “माझा चष्मा कुठे ठेवलास?” मुलगी बाईंकडे गेली. म्हणाली, “बाई, आजी असं नाही बोलत.” नियमांचा कागद काढून पाहिला. भाषेबद्दल त्यात अक्षर नव्हतं. चष्मो परत आला.

(समुद्र. मालवण.)

मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. वरेरकरांचं ‘कुंजविहारी’ १९०८ साली रंगभूमीवर आलं, आणि त्यानंतर ते लिहीतच राहिले. या मातीत नाटक बोलणारे उदंड, तसे लिहिणारेही झाले, हे मुलांना ठाऊक असलेलं बरं.

(अंगण. रिक्षा. एक माणूस चहा पितोय.)

हे मुलीचे शेजारी. दिवसा रिक्षा चालवतात, जत्रांच्या दिवसांत रात्री राजा होतात. दशावतारी नटाबद्दल इकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. मुलगी त्यांच्याकडे वही घेऊन आली. काका, जरा मोठ्याने वाचून दाखवा.

काकांनी पहिली दोन वाक्यं वाचली. तिसऱ्याला वही मांडीवर ठेवली आणि आजी होऊन बोलायलाच लागले. फोन कानाला, दुसरा हात कमरेवर.

“काका, असं नाही लिहिलंय.”

“गो, आज ह्यां बोललंय, उद्या येगळा बोलतलंय. समोरच्याचा आयकाक व्हया, मगे बोलाक व्हया.”

“मगे मी लिवलंय तां खंय जातला?”

काका हसले. उत्तर दिलं नाही. (इथे आम्ही कॅमेरा बराच वेळ चालू ठेवला होता.)

संध्याकाळी मुलीने काकांची दोन वाक्यं वहीत उतरवली आणि स्वतःची एक ओळ काढून टाकली. आजी फोन ठेवल्यावरही बोलतच राहते, ही जागा तिथून आली. ती काकांची की तिची, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

(फुलस्केप कागद. शाळेचा शिक्का.)

पुढचे दहा दिवस पक्की प्रत करण्यात गेले. सुवाच्य अक्षर, कागदाची एकच बाजू, डावीकडे समास. पात्राचं नाव कुठे, कंस कुठे, अंधार कधी. ‘आजी दुःखी होते’ असं कंसात लिहू नका, बाई प्रत्येकाला बजावत होत्या. दुःखी होणं नटाचं काम आहे. तुम्ही फक्त तिच्या हातात काय आहे ते लिहा. म्हणून या प्रतीत कंसात एवढंच आहे : आजी वाती वळते.

प्रवेशिकेवर एक ओळ छापलेली असते, लेखकाची सही. मुलीने आजवर शाळेत कशावरच सही केली नव्हती. तिने आधी मागच्या कोऱ्या पानावर सहा वेळा करून पाहिली.

(सभागृहाबाहेरच्या पायऱ्या. डबे. मुलं.)

निकाल दुपारी लागला. अभिनयाचं दुसरं बक्षीस शाळेला मिळालं, लेखनाचं मिळालं नाही.

(रात्र. मांडव. तेच बाकडं.)

मध्यरात्र उलटून गेलीय. शेजारचे काका आज राजा आहेत, किरीट थोडा कलता बसलाय. मांडवाच्या कडेला, बायकांच्या घोळक्यात, मोबाइलच्या उजेडात एक वही उघडी आहे.

राजा बोलतोय. पेन दोन वाक्यं मागे आहे.