मुठीतला जवळा आणि जगाची कोळंबी

नमस्कार श्रोतेहो. नागपूरहून समुद्र कितीतरी लांब, तरी सुकटीशिवाय आपल्या कित्येक घरांचं भागत नाही. बाजारात मूठभर जवळा हातावर घेऊन बघा. फिकट गुलाबी, काचेसारखं अंग आणि टाचणीच्या टोकाएवढे दोन काळे डोळे. कोकणात भरती-ओहोटीच्या धारेत बांधलेल्या डोल जाळ्यात तो सापडतो. चीनच्या समुद्रात टनावारी निघतो तो त्याचाच चुलतभाऊ, आणि समुद्रातली कोळंबी पकडण्यात चीनच पहिला.

कोळंबीचं उत्पादन वाढलं, अशी बातमी आली की मी आधी विचारतो, तळ्यातलं की समुद्रातलं? 2022 साली जगभरच्या तळ्यांतून एकट्या व्हेनामी जातीचीच सुमारे 68 लाख टन कोळंबी निघाली. समुद्रातली सगळ्या जातींची मिळून साधारण त्याच्या निम्मी, आणि बरीच वर्षं ती तिथेच घुटमळते आहे.

पण देशादेशांत पाहिलं, तर मोठी उलथापालथ दिसते. अर्जेंटिनात लाल कोळंबी 2005 साली जेमतेम काही हजार टन मिळाली; 2018 मध्ये अडीच लाख टनांच्या आसपास! उलट अमेरिकेच्या ईशान्येला, मेनच्या आखातात, पाणी तापलं आणि थंड पाण्यातली कोळंबी इतकी आटली की 2014 पासून तिथली व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. उष्ण समुद्रातल्या बऱ्याच जाती वर्ष-दीड वर्षच जगतात. एका हंगामात पिल्लं तगली नाहीत, की पुढच्या हंगामात जाळी हलकी.

आपल्या देशाची अडचण निराळी आहे, आणि मला तीच जास्त खुपते. ट्रॉलरच्या जाळ्यात कासव अडकलं, तर श्वासासाठी वर येता न आल्याने ते गुदमरून मरतं. जाळ्यात तिरकी लोखंडी जाळी बसवली की कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव वरच्या फटीतून सुटतं. आपल्या ट्रॉलरांवर ही सोय नाही, म्हणून 2019 पासून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉलरांना साजेशी अशी गजांची जाळी कधीच तयार केली आहे. तिच्यातून थोडी कोळंबीही निसटते, म्हणून मच्छीमार बिचकतात. माझ्या मते सुरुवातीचे काही हंगाम ती तूट सरकारने भरून द्यावी.