मोडेमचं काम कोण करतं?

टेबलावर दोन मोडेम ठेवलेत. एक बाहेरचा डबा, पुढे छोट्या दिव्यांची रांग. दुसरं, संगणकाच्या आत पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं कार्ड, त्यावर मोजक्याच चिप. खोक्यावरचा आकडा दोघांचाही एकच: 56 के, म्हणजे सेकंदाला 56 हजार बिटपर्यंतचा वेग.

मोडेमचं काम म्हणजे फोनच्या लाइनवरून संगणक जोडणं. ती लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली, साधारण 300 ते 3400 हर्ट्झची. संगणकाचे शून्य आणि एक तेवढ्या पट्ट्यात मावतील अशा ध्वनीत बदलायचे. पलीकडून आलेल्या ध्वनीतून ते पुन्हा वेचायचे. एकाच जोडतारेवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, म्हणून स्वतःचाच प्रतिध्वनी वजा करायचा. डायल केल्यावर ऐकू यायची ती कर्कश किरकिर आठवते? दोन्ही मोडेम लाइन जोखून वेग ठरवत असायचे.

डब्यातला मोडेम हे सगळं स्वतः करतो. ध्वनीचं गणित करणारा सिग्नल प्रोसेसर आणि आज्ञा समजून घेणारा कंट्रोलर आतच असतात. संगणकाने सिरियल पोर्टवरून ‘एटीडीटी’ ही डायल करायची आज्ञा आणि नंबर पाठवला की पुढचं सगळं त्याच्यावर. ही आज्ञांची भाषा 1981 च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली.

कार्डावर मात्र फोनलाइनशी जोडणारा भाग आणि ध्वनीचे आकडे करणारी चिप, एवढंच. गणित संगणकाचा मुख्य प्रोसेसर, तुमचा पेंटियम करतो, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम सांगेल तसं. ‘विनमोडेम’ हे खरं तर यूएस रोबोटिक्सचं व्यापारनाव, पण लोकांनी ते अशा सगळ्याच कार्डांना लावलं. ल्युसेंट कंपनीच्या कार्डांसारख्या काही कार्डांवर सिग्नल प्रोसेसर असायचा, फक्त कंट्रोलरचं काम संगणकाकडे.

कार्ड स्वस्त पडायचं, कारण काम दुसरीकडे सरकलेलं होतं. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. जड प्रोग्रॅम उघडला, प्रोसेसरला वेळेवर हिशेब जमला नाही, की वेग पडायचा, कधी लाइनच तुटायची. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबई पहिल्या शहरांत होती. पुढची कित्येक वर्षं घराघरांत हे डायल-अपच होतं, आणि लाइन तुटली की पुन्हा डायल, म्हणजे बिलावर आणखी एक कॉल.

विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. कंपन्या ड्रायव्हरचा सोर्स कोड देत नसत, आणि ड्रायव्हर नाही तर कार्ड मुकं.

आता हा डबा जुन्या सिरियल केबलने जोडू. टर्मिनलवर दोनच अक्षरं टाइप करू, ए, टी. एंटर.

पडद्यावर उत्तर आलं: ओके.