पोकळ झाड आणि धनेश

नमस्कार मंडळी! गोव्यात सदाहरित जंगल म्हटलं की लोकांना दूधसागर आठवतो, धबधबा बघितला, फोटो काढले की जंगल झालं. पण यंदा पाऊस ओसरल्यावर मी एका वन्यजीव अभ्यासक ताईंबरोबर गोव्याच्याच सत्तरी तालुक्यात फिरले आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

आम्ही बांबरला निरंकाराच्या राईत गेलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, ही देवाची राय आहे, इथे कुऱ्हाड लावत नाहीत. आत पाय ठेवला की चिखल, पाणी, आणि त्या पाण्यातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं. ताई म्हणाल्या, ‘वर नंतर बघा, आधी खाली बघा.’ जमिनीत पाणी साचलेलं असतं, तिथे मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. ही झाडं जायफळाच्या कुळातली आहेत, आणि अशा दलदली पश्चिम घाटात आता फार थोड्या ठिकाणी उरल्यात.

आता खरी गंमत ऐका. रानजायफळाची बी मोठी असते आणि सुकली की रुजत नाही, म्हणजे पिशवीत भरून ठेवून पुढच्या वर्षी लावू असं चालत नाही! तिला लांब न्यायला मोठ्या चोचीचा पक्षी लागतो, तो म्हणजे धनेश, तो फळ गिळतो आणि बी कुठेतरी दूर टाकतो. आणि धनेशाला काय लागतं तर जुनं पोकळ झाड. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवत राहतो. म्हणजे लाकडाच्या हिशोबात जे झाड बिनकामाचं, किडलेलं, त्याच्यावरच हे सगळं उभं आहे. मला तर हे ऐकल्यावर पोकळ झाडांकडे बघायची नजरच बदलली.

म्हणून कोणी म्हणतं ना की इथली कापू आणि दुसरीकडे दुप्पट लावू, ते मला पटत नाही. रोपं लावता येतात हो, पण ढोली कुठून आणणार? ताईंनी अजून एक सांगितलं, शेकरू फांदीवरून फांदीवर जाते, मध्ये रुंद रस्ता किंवा रेल्वेचा पट्टा आला की तिला खाली उतरावं लागतं. जंगल तुकड्यातुकड्यांत उरलं की झाडं असूनही असं तुटत जातं.

मोले अभयारण्यातल्या प्रकल्पांना लोकांनी विरोध केला, तेव्हाही हेच चाललं होतं. रेल्वेचं दुपदरीकरण, हायवे आणि विजेची ४०० केव्हीची लाइन, तिन्ही त्याच जंगलातून. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चांदोर गावात लोक निषेध म्हणून रात्री रुळांवर बसले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. पणजीत नळाला येणारं पाणी ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं, खांडेपार नदीचं, आणि त्या नदीला पाणी देणारे ओहोळ याच डोंगरातले आहेत, त्यामुळे शहरातल्यांनी हे आपलं नाही असं म्हणू नये.

तुमच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, कडेला एखादं जुनं पोकळ झाड असेल आणि घरावर पडायची भीती नसेल तर ते ठेवा. उन्हाळ्यात धनेश तिथे ये-जा करताना दिसला तर मोबाइल घेऊन खाली थांबू नका, माणूस दिसला की नर भरवायला येत नाही, आणि आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात.