आई, बसा आता

श्रोतेहो, नमस्कार.

आधी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आणि नंतर निफाड तालुक्यात मी एकतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच घरापासून करते.

सासूबाई तेव्हा ७४ वर्षांच्या. डाळ निवडायला बसल्या की ताट उजेडाकडे कलतं धरायच्या, पार डोळ्यांशी न्यायच्या, तरी खडे राहायचेच. एकदा जेवताना यांच्या दाताखाली कचकन खडा आला. मी म्हटलं, "आई, राहू द्या. बसा आता, वय झालं." आणि ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं. मायेनंच घेतलं. मग विळी गेली, अंगण झाडणं गेलं, गोठ्यापर्यंतची फेरीही गेली. दीड वर्षानं एका रात्री मोरीकडे जाताना त्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गावभर दारोदार जाऊन "आजी, डोळे तपासून घ्या" म्हणणारी मी, आणि माझ्याच घरात त्या आजाराला मी 'वय' म्हणत होते. हे मला अजून सलतं.

कमी दिसणं, कमी ऐकू येणं, दम लागणं, अन्नावरची वासना उडणं, सारखं विसरायला होणं, यातल्या कितीतरी गोष्टी वेळेवर दाखवल्या तर बऱ्या होतात, नाहीतर निदान आटोक्यात राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. बीपी आणि साखर तर गावच्या उपकेंद्रातच तपासून मिळते.

पण त्याहून मोठी गोष्ट पायांची. उभी हयात शेतात राबलेल्या माणसाच्या अंगात बळ शिल्लक असणारच, असं आपण धरून चालतो. कांदा चाळीत साठवता येतो हो, ताकद नाही साठवता येत. खाटेवर बसवून ठेवलेल्या माणसाच्या मांड्या काही आठवड्यांतच वाळायला लागतात. मग उठताना हाताचा टेका लागतो, तोल जातो, माणूस पडतो, आणि पडण्याच्या धास्तीनं आणखीनच बसून राहतो. घरी एक गोष्ट करून बघा. भिंतीला टेकवून पक्की खुर्ची ठेवा. हात छातीशी बांधून म्हाताऱ्यांना पाच वेळा उठा-बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा. जमलं नाही, तर रोजचा व्यायाम म्हणून तेच सुरू करा, आधी हाताच्या टेक्यानं. चौकट धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहणं, हेही तोलासाठी चांगलं.

आता ताटाकडे बघू. सकाळी चहात बुडवलेलं बटर, दुपारी ठेच्याशी अर्धी भाकरी, रात्री "भूक नाही" म्हणून पुन्हा चहा. असं जेवण मी शेकडो घरांत पाहिलंय. दात नाहीत म्हणून उसळ बंद होते आणि तिच्याबरोबर प्रथिनंही जातात. पन्नास किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. चहा-भाकरीवर ती कुठून भरणार? मुगाचं घट्ट वरण द्या, हुलग्याचे शेंगोळे मऊ शिजवून द्या, दही, शेंगदाण्याचा कूट, चालत असेल तर अंडं द्या. पेठ-सुरगाण्यात नागली आहेच, आणि नागलीइतकं कॅल्शियम दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. तिकडच्या सुनांना मी विनवते, नागली सोडून बिस्किटांवर जाऊ नका. ज्यांना किडनीचा आजार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवावं.

आपल्या निफाडला थंडीत पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरतो. गारठ्यात रक्तदाब चढतो, म्हणून ऊन पडल्यावरच फिरायला निघा आणि गोळी चुकवू नका. रात्री उठताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसा, मग उभे राहा. मोरीच्या वाटेवर एक दिवा जळता ठेवा. आमच्याकडे तेवढा असता तर!

सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर घरटी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही सोय २०२४ पासून आहे, आधार कार्ड नेऊन नोंद करून घ्या. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत आहे, तेव्हा तालुक्याला जायला कुणापुढे हात पसरायची गरज नाही. अडचण आली, घरात छळ होत असला, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे.

सासूबाई आता ७९ वर्षांच्या आहेत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. काठी घेऊन दिवेलागणीला हरिपाठाला जातात, डाळ पुन्हा त्याच निवडतात. सकाळी ओट्यावर खुर्ची मांडून दहा वेळा उठतात-बसतात, मोठ्यानं मोजत. आठव्या वेळेला हात गुडघ्यावर जातो. मी स्वयंपाकघरातून बघत असते, पण "बसा आता" म्हणत नाही.

नमस्कार.