भिंत सगळ्यात शेवटी

(दृश्य: अंधारी लांबलचक खोली, ओळीने खाटा.)

पहाटे पाचला भोंगा वाजतो. तीस मुली एकदमच पाय जमिनीवर टेकतात. पहारेकरी कुठे दिसत नाही, दाराला कडीसुद्धा नाही. तहान लागली तर हात वर करायचा, परवानगी मिळाली की पाणी प्यायचं. दार उघडं असून कुणी उंबरठा ओलांडत नाही.

का ओलांडत नाही? बंदिवासाची किशोर कादंबरी उभी राहते ती या प्रश्नाच्या उत्तरावर. लेखकाकडे हे उत्तर नसेल, तर भिंत कितीही उंच असो, वाचक विसाव्या पानावर विचारतो, ही पळून का जात नाही? आणि पुस्तक मिटतो.

म्हणून भिंत सगळ्यात शेवटी बांधायची. आधी माणसं जागच्या जागी कशाने राहतात ते ठरवायचं.

एक उत्तर जुनं आहे. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी १७९१ साली एका तुरुंगाचा आराखडा प्रसिद्ध केला. मधोमध मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यात कुणी आहे की नाही, हे कैद्याला कधीच कळत नाही. मग तो स्वतःच स्वतःवर पहारा देऊ लागतो. आजच्या कादंबरीतला भिंतीवरचा कॅमेरा हेच काम करतो. तो चालू असलाच पाहिजे असं नाही.

दुसरं उत्तर भुकेचं, आणि ते जास्त धारदार आहे. सुझन कॉलिन्स यांच्या २००८ सालच्या ‘द हंगर गेम्स’ कादंबरीतला हिशेब पाहा. तिथे सोडत काढून मुलांना जिवावरच्या खेळात पाठवतात. बाराव्या वर्षी सोडतीत नावाची एक चिठ्ठी पडते, दर वर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल, तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल घेता येतं. जुन्या चिठ्ठ्या रद्द होत नाहीत. नायिका कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी दर वर्षी तीन जादा चिठ्ठ्या घेते. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या असतात. जुलूम किती मोठा, हे वेगळं सांगावंच लागत नाही. बेरीज केली की पुरे.

तिसरं उत्तर सुखाचं. लिहायला सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत भेदक. लोइस लोरी यांच्या १९९३ सालच्या ‘द गिव्हर’मध्ये कुणी उपाशी नाही, कुणी ओरडत नाही. बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून दिलं जातं. नायक जोनसला मिळतं ते जुन्या जगाच्या आठवणी स्वतःत घेऊन जपण्याचं. जोनस हवेत सफरचंद फेकतो आणि त्यात क्षणभर काहीतरी बदललेलं त्याला दिसतं. त्या जगात रंगच दिसत नाहीत, हे वाचकाला पुष्कळ पुढे समजतं. कारण निवेदन जोनसच्या नजरेबाहेर जात नाही, आणि जे कधी पाहिलंच नाही त्याची उणीव त्याला कळणार कशी?

इथेच नवे लेखक घसरतात. पहिल्याच प्रकरणात युद्ध, सरकार, कायदे यांचा सगळा इतिहास सांगून टाकतात. पण तिथेच जन्मलेल्या मुलीला तो विचित्र वाटणार नाही. ती भोंग्याबद्दल तक्रार करणार नाही. एखाद्या सकाळी तो दोन मिनिटं उशिरा वाजला, तर मात्र घाबरेल.

मुक्तीची ओढही नुसती ‘मला स्वातंत्र्य हवं’ म्हणून चालत नाही. शब्द फार मोठा, हाताला काही लागत नाही. तिला समुद्र पाहायचा असतो, धाकट्या भावाला कुठे नेलं ते शोधायचं असतं, किंवा एखादं दार एकदा आतून लावून बसायचं असतं.

(दृश्य: कागदावर चोवीस तासांच्या रेघा.)

आता सुटका. लिहिण्याआधी त्या जागेचं चोवीस तासांचं वेळापत्रक मांडावं. हजेरी किती वेळा, मोजणारं कोण, धान्य कुठून येतं, धुणं आणि कचरा कुठे जातो. बंदिस्त जागेतूनही काहीतरी रोज बाहेर पडतंच. फट तिथे सापडते, आणि ती वाचकाला फार आधी, सहज, कामाच्या ओघात दिसलेली असावी. ऐन वेळी दयाळू पहारेकरी किल्ली हातात ठेवतो, तेव्हा वाचकाची फसवणूक होते.

मग अंतर मोजावं. हजेरी संध्याकाळी सहाला आणि पुढची रात्री दहाला असेल, तर हातात चार तास. अंधारात, खडबडीत वाटेने तासाला दोन किलोमीटर धरले तर आठ किलोमीटर. शोध सुरू होईल तेव्हा ती फार तर एवढीच लांब असेल. तिथे पाणी आहे का? पाण्याशिवाय माणूस जेमतेम तीन दिवस काढतो.

आणि बेत बिघडला पाहिजे, पण योगायोगाने नाही. ‘द गिव्हर’मधल्या जोनसची पळण्याची योजना नीट आखलेली असते. त्याच्या घरी सांभाळायला आणलेल्या बाळ गॅब्रिएलला दुसऱ्या दिवशी सकाळी मारणार असं कळतं आणि त्याला त्याच रात्री निघावं लागतं. ठरलेली मदत नाही, धैर्याच्या आठवणी मिळालेल्या नाहीत. तो वडिलांची सायकल घेतो, कारण तिलाच मागे बाळाची बैठक आहे. उष्णता टिपणारी विमानं शोधत येतात, तेव्हा तो थंडीच्या आठवणींनी दोघांची शरीरं गार ठेवतो. प्रत्येक अडचण त्याच्या प्रेमातून उगवते, म्हणून ती खरी वाटते.

बहुतेक हस्तलिखितं कुंपणापलीकडे संपतात. आणखी एक दिवस लिहावा. शरीरातलं वेळापत्रक कुंपणापाशी थांबत नाही.

(दृश्य: उजाडतंय. झाडी, ओढा.)

भोंगा नाही. तरी ती पाचला जागी होते. ओढ्यापाशी येते, गुडघे टेकते, घसा कोरडा पडलेला असतो. आजूबाजूला कुणीही नाही. ती हात वर करते आणि थांबून राहते.